भोंगा कोणी बंद केला?

गेल्या १ मे रोजी, कामगार संत जोसेफ यांच्या सणानिमित्त, आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात एक व्याख्यान झाले. वक्ते व्यासंगी होते, वाणी ओघवती होती आणि विषयही दिवसाला साजेसा होता: ‘कारखानदारीची वाटचाल’. चरख्यापासून संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या मागापर्यंतचा अडीचशे वर्षांचा प्रवास त्यांनी आम्हांला पाऊण तासात घडवला. नवे यंत्र येते, जुने जाते. जुन्याला चिकटून राहणारा माणूसही त्याच्याबरोबर जातो, आणि यात दोष कोणाचाच नसतो, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. उदाहरण अर्थातच मुंबईच्या कापड गिरण्यांचे. गिरण्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. १९८२ साली कामगारांनी संप करून त्यांचे उरलेसुरले आयुष्यही संपवले. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत, हा काळाचा न्याय होय, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सवयीने वाजवल्या, हे कबूल करतो.

बाहेर पायऱ्यांवर एक वयोवृद्ध गृहस्थ भेटले. परळच्या एका गिरणीत त्यांनी साचाखात्यात बारा वर्षे काढलेली. पहाटेच्या गाडीने जायचे. संप झाला आणि ते घरी बसले ते बसलेच. माझ्याकडे पाहून म्हणाले, “मास्तर, गिरण्या म्हाताऱ्या होऊन मेल्या म्हणतात, तर मग आज तुमच्या-माझ्या अंगावरचं कापड विणतं कोण?”

“भिवंडीला विणतात, काका,” मी म्हणालो.

“कुठल्या साच्यावर?” त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता काठी टेकीत ते निघून गेले.

साचा म्हणजे माग. गिरणगावात विणकराला साचेवालाच म्हणत. काकांच्या त्या दोन शब्दांनी वक्त्यांच्या साऱ्या प्रतिपादनाचा पाया हलतो, अशी आता माझी खात्री झाली आहे, आणि ती का झाली हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

‘यंत्र येते आणि माणूस जातो’ हे सूत्र मूळचे इंग्लंडचे, तेव्हा आधी तेथेच जाऊ. जॉन के याचा उडता धोटा १७३३चा, आर्कराइटची क्रॉमफर्ड येथील पाण्यावर चालणारी सूतगिरणी १७७१ची, कार्टराइटच्या यंत्रमागाचे पेटंट १७८५चे. ही नावे वक्त्यांनी बिनचूक सांगितली. मात्र १८११ साली नॉटिंगहॅमशायरमध्ये यंत्रे फोडणाऱ्या लडाइट कामगारांचा उल्लेख त्यांनी ‘प्रगतीला भ्यालेले अडाणी लोक’ असा केला, आणि तेथेच त्यांची वाट चुकली. त्या लोकांनी जी यंत्रे फोडली ती मोजे विणण्याची होती, आणि त्या यंत्राचा शोध १५८९ सालचा, म्हणजे तेव्हाच दोनशेहून अधिक वर्षे जुना होता. ज्या यंत्रावर बापजाद्यांचे आयुष्य गेले त्याला कोण भिईल? त्यांचे भांडण होते ते काही मालकांशी. हे मालक रुंद यंत्रावर सलग कापड विणून, कापून, शिवून मोजे म्हणून विकत. ते लवकर उसवत आणि साऱ्या धंद्याचे नाव जाई. उमेदवारी न केलेली पोरे कमी मजुरीत ठेवून ते जाणत्या कारागिराची मजुरीही खाली ओढत. अशा मालकांची यंत्रे निवडून फोडली गेली. ठरलेला दर देणाऱ्याच्या यंत्राला पुष्कळदा हातही लागला नाही. १८१२ साली पार्लमेंटने यंत्र फोडणाऱ्यास फाशीची शिक्षा ठरवली. कवी बायरनने उमरावांच्या सभागृहातील आपले पहिले भाषण त्या विधेयकाविरुद्ध केले. विधेयक अर्थातच संमत झाले. (मोज्यांच्या यंत्राचा शोध लावणारा विल्यम ली आणि यंत्रमागाचा जनक कार्टराइट हे दोघेही धर्मोपदेशक होते. पाळकाच्या हाताला रिकामा वेळ मिळाला की काय घडेल, सांगता येत नाही.)

यंत्र कोणत्या अटीवर चालवायचे, त्याच्या वेगाचा लाभ कोणाच्या पदरात घालायचा, हा खरा वाद होता. मुंबईतही तो तसाच झाला.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. यंत्रे इंग्लंडातून आली. त्या यंत्रांबरोबर तेथील कामगाराने तोवर मिळवलेली संरक्षणे मात्र आली नाहीत. नऊ वर्षांखालील मुलाला कापड कारखान्यात घेण्यास इंग्लंडात १८३३ सालीच बंदी झाली होती. स्त्रिया आणि अल्पवयीन मुले यांच्यासाठी दहा तासांचा कायदा १८४७चा. मुंबईत काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे, म्हणजे उन्हाळ्यात दिवस चौदा तासांच्या आसपास जाई. यंत्र तेच आणि धोटाही तोच. समुद्र ओलांडताच कामाचा दिवस लांबला. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सहृदय पारशी गृहस्थाने १८७८पासून कायद्याचा आग्रह धरला, आणि मुंबईच्या स्पर्धेने अस्वस्थ झालेल्या मँचेस्टरच्या गिरणीमालकांनाही एकाएकी हिंदी मजुरांचा कळवळा आला, तेव्हा कोठे १८८१चा फॅक्टरी कायदा झाला. त्याने काय दिले? सात वर्षांखालील मुलांना कामास बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास. प्रौढांसाठी तासांची मर्यादा नाही.

आता रविवारची गोष्ट. आपल्या घरी रविवार म्हणजे मिस्सा, वडीलधाऱ्यांच्या भेटी आणि दुपारचे जेवण. तो आपल्याला इतका आपला वाटतो की तो कोणी मिळवून दिला असेल, असे मनातही येत नाही. सरकारी कचेऱ्यांना तो होता. गिरणी कामगाराला नव्हता. सण पडला किंवा यंत्र साफ करायचे असले तरच सुट्टी, आणि साफसफाईच्या सुट्टीतला अर्धा दिवस साफसफाईतच जाई. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधू’चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले आणि मुंबई गिरणी कामगारांची संघटना उभी केली. मागण्या वाचून आज डोळे पाणावतात, इतक्या त्या लहान आहेत: आठवड्यातून एक दिवस, म्हणजे रविवारी, सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अपघातात जायबंदी झालेल्यास काही मदत. यातली पहिली मागणी मान्य व्हायला सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री-कामगारही तेथे बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढील वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी सर्व कारखान्यांना लागू झाली.

रविवारच का, यासाठी लोखंडे यांनी दिलेले एक कारण असे की तो खंडोबाचा वार आहे. आपण ज्या दिवशी निर्धास्तपणे चर्चला जातो, तो दिवस गिरणी कामगाराला खंडोबाच्या भक्तांनी, एका सत्यशोधकाच्या पुढाकाराने मिळवून दिला. पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे कामगारांविषयीचे परिपत्रक १५ मे १८९१चे. रविवारच्या विश्रांतीचा हक्क त्यातही आग्रहाने सांगितलेला आहे. पण महालक्ष्मीचे मैदान त्याआधी एक वर्ष भरले होते. १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना लोखंडे यांना मरण आले. आमच्या व्याख्यानात त्यांचे नाव आले नाही.

मग विजेचा दिवा आला. वक्त्यांच्या यादीत हा प्रगतीचा एक टप्पा होता, आणि घरात, रस्त्यावर, रुग्णालयात तो होताच. गिरणीत मात्र १९०५च्या सुमारास दिवे लागले आणि काही ठिकाणी कामाचा दिवस पंधरा तासांवर गेला. तोपर्यंत सूर्य मावळला की मुकादमाला नाइलाजाने माणसे सोडावी लागत. तो एक नैसर्गिक फॅक्टरी कायदाच होता म्हणायचा. दिव्याने तो रद्द केला. दिवे लागले तेव्हा कामगारांनी दंगा केला, तोही ‘अडाणीपणा’त जमा झाला. प्रौढ पुरुषाच्या कामाचे तास कायद्याने बांधले गेले ते १९११ साली, कापड कारखान्यांपुरते, आणि ती मर्यादा होती बारा तास. हा आकडा कृपा करून ध्यानात ठेवावा.

यंत्र जुने भेद पुसून टाकते, असेही एक वाक्य व्याख्यानात होते. ते ऐकून मला साचाखातेच आठवले. त्या काळी धोट्यात नवी कांडी बसवली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. त्या निमित्ताने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचाखात्यात प्रवेश नव्हता, आणि साचाखाते तर गिरणीतले चांगल्या मजुरीचे खाते. वाफेचे इंजिन, लोखंडी माग, आणि मध्ये ओठांचा विटाळ! १९२८च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला. यंत्राने हा भेद पुसला नाही. उलट त्याचेच एक अंग विटाळाचे निमित्त झाले. आपल्यातल्या जातींविषयी येथे लिहीत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण कोणी या प्रसंगी शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये.

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला १९२८चा तो संप एका कामगाराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत या मालकांच्या योजनेविरुद्ध होता. संप हरले, जिंकले, पुन्हा झाले. तो सारा इतिहास येथे सांगत बसत नाही. १९२२ साली आठवड्याचे ६० तास झाले, १९३४ साली ५४, आणि डॉ. आंबेडकर मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री असताना आलेल्या दुरुस्तीने १९४६ साली ४८. मधल्या काळात माग मूलतः तोच राहिला होता. पंधरा तासांचा दिवस आठ तासांवर आला, तो कोण्या नव्या यंत्रामुळे नव्हे.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे, आणि कामगारांच्या मनातून उतरलेल्या संघटनेलाच मान्यता देत राहणारा १९४६चा औद्योगिक संबंध कायदा बदलणे, या मागण्या होत्या. संपात चुका झाल्या. माघारीची वाट ठेवली गेली नाही. कुटुंबे गावी उपाशी बसली असताना शेवटचा माणूस निर्णय देईल अशी आशा धरली गेली. संप कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही. हे सामंतांवर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य केले पाहिजे, आणि मी त्यांचा अनुयायी नव्हतो. पण संपाने गिरण्या ‘मेल्या’ म्हणणारा एक साधी गोष्ट विसरतो. त्या काळात देश उघडा फिरत नव्हता. कापड विणले जातच होते. कित्येक गिरण्या संपकाळातही भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणवून घेत होत्या आणि आपला छाप मारून विकत होत्या.

आणि ते यंत्रमाग कोणते? पुष्कळसे गिरण्यांनीच भंगारात काढलेले. संपापूर्वीही गिरण्यांचे जुने माग भिवंडीला, मालेगावला विकले जात. संपानंतर तो ओघ वाढला. पत्र्याच्या शेडमध्ये ते बसवले, तेल घातले, पट्टा चढवला आणि ते चालू लागले. येथेच वक्त्यांचे सूत्र उलटे होते. नव्या यंत्राने जुन्याला हरवले असते तर तो एक युक्तिवाद तरी होता. परळमध्ये ज्या मागावर आठ तासांची पाळी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा आणि संघटना असलेला माणूस उभा होता, तोच माग भिवंडीला गेला आणि त्यावर बारा तासांच्या पाळीने, मीटरवर मजुरी घेणारा, निधी-रजा-बोनस यांपैकी बहुधा काहीच नसलेला माणूस उभा राहिला. त्याच्याकडे माग दोन-चार नव्हे, सहा-आठ. माग तोच राहिला आणि माणूस स्वस्त झाला. काका ‘कुठल्या साच्यावर’ म्हणाले ते यासाठी. कोण जाणे, त्यांचा स्वतःचाच साचा अजून कोठे खडखडत असेल.

यात भिवंडीच्या किंवा इचलकरंजीच्या विणकराला मी दोष देत नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. लहान माणसाने आपल्या दारात यंत्र लावावे यात एक स्वावलंबनही होते. पण पुढे सरकारी धोरणाने गिरण्यांच्या मागांची वाढ रोखली, यंत्रमागाला करांत सवलती दिल्या, आणि १९८५च्या वस्त्रधोरणाने दोहोंतला भेद मिटवून त्यांना एकाच मैदानात उतरवले, तेव्हा त्या सवलतींच्या आड मोठे व्यापारी उभे होते. वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की १९४८चा फॅक्टरी कायदा लागू होई. मग एकाच शेडमधले माग भावाच्या, मेहुण्याच्या, पत्नीच्या नावे वेगवेगळे दाखवावेत, म्हणजे दहा माणसे कागदावर कधी भरतच नाहीत. आता तर ती कसरतही नको. संसदेने २०२० साली संमत केलेल्या संहितेत ही मर्यादा वीसवर नेलेली आहे.

कापड स्वस्त झाले, हा लाभ नव्हे काय, असे कोणी विचारील. झाले, आणि गरिबाच्या अंगावर दुसरा सदरा आला याचा मला आनंद आहे. पण त्या सदऱ्याची किंमत उतरली ती कोणाच्या चार तासांतून, हेही त्याच दमात विचारावे लागेल.

गिरण्यांच्या म्हातारपणाचेही असेच. नफा होत होता तेव्हा तो नव्या मागांत घातला असता तर गिरण्या म्हाताऱ्या झाल्या नसत्या. तो दुसऱ्या धंद्यांत वळवला गेला. आणि पायाखालची जमीन वर्षागणिक महाग होत होती. सुमारे सहाशे एकर जमीन, शहराच्या मध्यावर! ती विकायला १९९१च्या नियमाने परवानगी मिळाली, तेव्हा एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला, अशी वाटणी सांगितली होती. २००१ साली नियमात बदल झाला, आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, इमारतींखालच्या जमिनीची नव्हे, असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. त्याआधी २००५ साली मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे सतरा एकर जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. जी गिरणी चालण्यापेक्षा बंद पडण्यात अधिक मोलाची, तिचा भोंगा किती दिवस वाजणार? याला काळाचा न्याय म्हणणे म्हणजे काळावर खोटा आळ घेणे होय. सह्या माणसांच्या आहेत, कागद आहेत, तारखा आहेत.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले गेले. संमती! नोकरी मागायला आलेल्या पोराकडे कागद सरकवला की तो सही करतो. वाचायला तो थांबला तर मागे दुसरा उभा असतो. बारा तास हा १९११चा आकडा होता. दूर क्षितिजावरची ही बातमी नव्हे. वसईच्या पूर्वेला गाळ्यांच्या रांगा आहेत. आपल्यापैकी काहींनी असे गाळे बांधून भाड्याने दिले आहेत, काही स्वतःच चालवतात. त्यांत कामाला असणारी मुले उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून आलेली असतात आणि पुष्कळदा गाळ्याच्या माळ्यावरच झोपतात. रविवारी सकाळी आपण मिस्सेला निघतो तेव्हा त्यांतल्या किती गाळ्यांतून यंत्राचा आवाज येत असतो, हे ज्याचे त्याने ऐकावे. भाडेकरूला एवढे विचारण्याचा अधिकार जागामालकाला नक्कीच आहे की, तुझ्या माणसांची सुट्टी कोणत्या वारी असते? मी ओळखीच्या दोघांना विचारले. एकाने सांगितले, काम नसेल त्या दिवशी. दुसऱ्याने विषय बदलला.

पुढील वर्षी १ मे रोजी बोलायला काकांनाच बोलवावे, अशी सूचना मी धर्मग्राम परिषदेपुढे ठेवली आहे. ते तयार नाहीत. त्यांनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली एक पावती दाखवली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत म्हाडाने २०१२ साली काढली. अर्ज लाखाच्या वर, घरे काही हजार. काकांनी अर्ज केला, सोडती झाल्या, त्यांचा क्रमांक लागला नाही. पत्ता बदलला असेल तर कळवा, असे त्यांना कोणीसे सांगितले आहे. तो अर्ज लिहून द्यायला मी परवा त्यांच्याकडे जाणार आहे.